पॅकेज-अवलंबन व ग्राफिक्स ड्रायव्हर, लिनक्समधील

लिनक्स परिचालन प्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालणाऱ्या आज्ञावली ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांच्या रूपाने बसविल्या जातात. एक पॅकेज नीट चालण्यासाठी दुसरे विशिष्ट पॅकेज, पुष्कळदा त्याची विशिष्ट आवृत्ती, संगणकावर हजर असावी लागते. या संबंधास अवलंबन असे म्हणतात. दोन पॅकेजांच्या मागण्या एकाच वेळी पूर्ण करणे अशक्य झाले, म्हणजे अवलंबन-संघर्ष उद्भवतो. असे संघर्ष कोणत्याही आज्ञावलीच्या बाबतीत संभवतात. परंतु पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाबतीत ते अधिक वेळा उद्भवतात आणि त्यांचे परिणामही अधिक जाचक असतात. इतर आज्ञावली बिघडली, तर तेवढे एक काम अडते. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला, तर पडदाच काळा होतो आणि दुरुस्तीसाठी लागणारे साधनही दिसेनासे होते. अशा वेळी यंत्रच निकामी झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात यंत्र बहुधा सुस्थितीत असते. मोडलेला असतो तो वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या आज्ञावलींमधील आवृत्तींचा मेळ. तो मेळ पुन्हा बसविण्याच्या पद्धतीचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

पॅकेजे व त्यांचे परस्परसंबंध : लिनक्सचे केर्नल (प्रणालीचा गाभा) लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. केर्नल म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. केर्नल, सामाईक उपयोगाच्या लायब्रऱ्या, पडद्यावरील खिडक्यांची व्यवस्था, लेखनाच्या व हिशेबाच्या आज्ञावली हे सर्व निरनिराळ्या गटांनी स्वतंत्रपणे लिहिलेले असते. ते एकत्र आणून, परस्परांशी जुळते करून वापरणाऱ्याच्या हाती देण्याचे कार्य ‘वितरण’ करते. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन व त्यावर आधारलेले उबुंटू, तसेच रेड हॅट व फेडोरा ही प्रमुख वितरणे होत. डेबियन परंपरेत डीपीकेजी व एपीटी, तर रेड हॅट परंपरेत आरपीएम व डीएनएफ ही पॅकेज-व्यवस्थापनाची साधने वापरली जातात. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्यामुळे पुढील विवेचन तिलाही लागू पडते.

प्रत्येक पॅकेजावर जणू एक चिठ्ठी लावलेली असते. पॅकेजाचे नाव, आवृत्ती, त्याला कोणकोणती पॅकेजे लागतात, कोणत्या पॅकेजांबरोबर ते राहू शकत नाही, कोणत्या पॅकेजाची जागा ते घेते, हे सर्व तीवर नोंदलेले असते. समजा, ‘क’ या पॅकेजाला ‘ग’ची २ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते आणि ‘ख’ला मात्र ‘ग’ची २ पूर्वीचीच आवृत्ती चालते. सर्वसाधारणपणे ‘ग’ची एकच आवृत्ती एका वेळी संगणकावर राहू शकते, त्यामुळे ‘क’ आणि ‘ख’ एकत्र नांदू शकत नाहीत. येथे पॅकेजे तीनच आहेत, म्हणून उत्तर चटकन दिसते. प्रत्यक्ष वितरणात पॅकेजांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज त्याच्या सर्व अटींसह बसविता येईल की नाही, हे ठरविण्याचा प्रश्न गणनशास्त्रातील ‘एनपी-पूर्ण’ या अवघड वर्गात मोडतो, असे ईडॉस या यूरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. तर्कशास्त्रातील समाधेयतेच्या प्रश्नाशी त्याचे निकटचे नाते आहे. त्या प्रश्नाचे एनपी-पूर्णत्व स्टीव्हन कुक यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले होते. या नात्याचा उपयोग करून घेऊन ओपनसूसे वितरणाने २००८ मध्ये आणि फेडोराने २०१५ मध्ये समाधेयतेच्या रीतींवर आधारलेले सोडवणूक-साधन स्वीकारले [→ संगणक].

असे साधन कितीही कुशल असले, तरी चिठ्ठीवर जे लिहिलेले असते तेवढेच त्याला कळते. वापरणाऱ्याला संगणकावर काय टिकवून ठेवायचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे त्याचे उत्तर तर्काने बिनचूक असूनही वापरणाऱ्याच्या दृष्टीने घातक ठरू शकते.

ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना : सामान्यतः ड्रायव्हर ही एकच वस्तू समजली जाते, प्रत्यक्षात तो निरनिराळ्या पातळ्यांवर काम करणाऱ्या भागांचा समूह असतो. पहिला भाग केर्नलमध्ये राहतो. कार्डावरील स्मृती, विद्युत् पुरवठा व पडद्याची विभेदनक्षमता यांचे नियंत्रण तो करतो. हा भाग बहुधा मोड्यूलच्या स्वरूपात, म्हणजे गरजेप्रमाणे केर्नलला जोडता येणाऱ्या तुकड्याच्या स्वरूपात असतो. दुसरा भाग म्हणजे आज्ञावलींना वापरता येणाऱ्या लायब्रऱ्या. ओपनजीएल किंवा व्हल्कन या प्रमाणित रीतींनी मांडलेली चित्रणाची मागणी त्या कार्डाला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतरित करतात. तिसरा भाग म्हणजे पडद्यावरील खिडक्यांची व्यवस्था : १९८४ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जन्मलेली एक्स विंडो सिस्टिम, किंवा २००८ मध्ये सुरू झालेली वेलँड. यांखेरीज पुष्कळ कार्डांना चालू होताना फर्मवेअर (कार्डावरच चालणारी आज्ञावली) पुरवावी लागते आणि तिचे पॅकेज वेगळे असते.

खुल्या ड्रायव्हरांत केर्नलमधील भाग केर्नलबरोबरच प्रसिद्ध होतो आणि लायब्रऱ्यांचा भाग मेसा या प्रकल्पातून येतो. मेसाचा आरंभ ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये केला. इंटेलची कार्डे या मार्गाने चालतात. एएमडी कंपनीनेही २००७ मध्ये आपल्या कार्डांचे तांत्रिक तपशील खुले करण्याचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये तिचा ‘एएमडीजीपीयू’ हा ड्रायव्हर केर्नलच्या ४·२ आवृत्तीत समाविष्ट झाला. एनव्हिडिया कंपनीने मात्र दीर्घकाळ बंदिस्त ड्रायव्हर पुरविला. तिच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी कार्डांच्या वर्तनाचा उलगडा करून ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर लिहिला व तो २०१० मध्ये केर्नलच्या २·६·३३ आवृत्तीत आला. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ट्यूरिंग व त्यापुढील पिढ्यांच्या कार्डांसाठी केर्नल मोड्यूलचा मूळ मजकूर खुला केला. लायब्रऱ्यांचा भाग मात्र बंदिस्तच राहिला.

संघर्षाची कारणे : (१) केर्नल व मोड्यूल यांतील तफावत : आज्ञावली व केर्नल यांच्यामधील व्यवहाराचे नियम लिनक्समध्ये कसोशीने स्थिर ठेवले जातात, केर्नलच्या अंतर्गत भागांमधील व्यवहाराचे नियम मात्र जाणीवपूर्वक स्थिर ठेवलेले नाहीत. केर्नलची नवी आवृत्ती साधारणतः नऊ ते दहा आठवड्यांनी निघते आणि तीत हे अंतर्गत नियम बदलू शकतात. केर्नलबरोबर वाढणारा ड्रायव्हर त्या बदलांनुसार त्याच वेळी सुधारला जातो. बाहेरून येणारा ड्रायव्हर मागे राहतो. उदा., ऑक्टोबर २०२० मध्ये केर्नलची ५·९ आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा एनव्हिडियाचा तत्कालीन ड्रायव्हर तिच्याशी जुळत नव्हता आणि वापरणाऱ्यांनी काही आठवडे जुन्याच केर्नलवर थांबावे, असे कंपनीला सांगावे लागले. (२) मोड्यूल व लायब्ररी यांतील तफावत : एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरमध्ये हे दोन्ही भाग नेमक्या एकाच आवृत्तीचे असावे लागतात. अद्ययावतीकरणाने नवी लायब्ररी तबकडीवर आली, परंतु संगणक पुन्हा सुरू न केल्यामुळे जुने मोड्यूल स्मृतीत तसेच राहिले, तर दोघांचा मेळ तुटतो व तसा संदेश मिळतो. या प्रसंगी संगणक पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय बहुधा पुरतो. (३) एकाच नावाच्या दोन फाइली : ओपनजीएलची मुख्य लायब्ररी मेसामध्येही असते व बंदिस्त ड्रायव्हरमध्येही असते; पूर्वी दोहोंचे नाव व स्थान एकच असे. त्यामुळे एकाने दुसऱ्याची फाइल पुसून तिची जागा घ्यावी, असे घडत असे. ‘जीएलव्हीएनडी’ ही तटस्थ वाटप-लायब्ररी मध्ये आल्यापासून प्रत्येक निर्मात्याची लायब्ररी आपापल्या वेगळ्या नावाने राहते व मागणी योग्य ठिकाणी पोहोचविली जाते. अशा रीतीने या प्रकारचे संघर्ष पुष्कळच कमी झाले. (४) ३२ व ६४ बिटांच्या जोड्या : जुने खेळ व काही आज्ञावली यांना ३२-बिट लायब्रऱ्या लागतात. डेबियन परंपरेत एकाच पॅकेजाचे ३२-बिट व ६४-बिट अवतार शेजारी शेजारी बसविता येतात. पण त्यांची आवृत्ती अक्षरशः एकच असावी लागते. भांडारात एक अवतार पुढे गेला व दुसरा मागे राहिला, तर संपूर्ण साखळी अडते. (५) अनेक उगम : नवा ड्रायव्हर लवकर मिळावा म्हणून वितरणाबाहेरील भांडार जोडले जाते किंवा निर्मात्याच्या संकेतस्थळावरील स्वयंस्थापक फाइल चालविली जाते. अशा फाइलीने ठेवलेल्या वस्तूंची पॅकेज-व्यवस्थापकाकडे नोंदच नसते; त्यामुळे पुढील अद्ययावतीकरणात तो त्यांवरून दुसऱ्या फाइली लिहितो. (६) दोन ड्रायव्हरांची स्पर्धा : नूवो व बंदिस्त मोड्यूल हे दोन्ही एकाच कार्डाचा एकाच वेळी ताबा घेऊ शकत नाहीत; म्हणून बंदिस्त ड्रायव्हर वापरताना नूवोला सुरुवातीसच वगळावे लागते. (७) सिक्युअर बूट : हे संरक्षण चालू असल्यास पुष्कळ वितरणांचे केर्नल मान्य स्वाक्षरी नसलेले मोड्यूल नाकारते. पॅकेजे सर्व जुळलेली असतात, तरीही ड्रायव्हर चालत नाही. हा अवलंबन-संघर्ष नव्हे. परंतु लक्षणे तीच असल्यामुळे त्याची गल्लत होते.

निदान व निरसन : संघर्ष सोडविताना घाई हाच सर्वांत मोठा शत्रू होय. एकामागून एक उपाय करून पाहिल्याने मूळ कारण झाकले जाते आणि नव्या अडचणींची भर पडते. पुढील क्रम उपयुक्त ठरतो. (१) कार्डाचा निर्माता व पिढी, चालू असलेल्या केर्नलची आवृत्ती आणि प्रत्यक्ष ताब्यात असलेले मोड्यूल या तीन गोष्टी प्रथम लिहून काढाव्यात. (२) व्यवस्थापकाने दिलेला संदेश संपूर्ण वाचावा. ‘अडकलेली पॅकेजे आहेत’ अशा अर्थाची ओळ केवळ निष्कर्ष सांगते. कारण इतर ओळींत असते. कोणत्या पॅकेजाला कोणती आवृत्ती हवी होती आणि कोणती मिळू शकत होती, हे तेथे नावानिशी दिलेले असते. (३) त्या पॅकेजाची बसविलेली आवृत्ती कोणत्या भांडारातून आली, हे पाहावे. एपीटीमध्ये ‘पॉलिसी’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. बसविलेली आवृत्ती आता कोणत्याही भांडारात उपलब्ध नसेल, तर बहुधा तेच संघर्षाचे मूळ असते. (४) कोणताही बदल प्रत्यक्ष करण्यापूर्वी त्याची तालीम घ्यावी. व्यवस्थापकाला ‘काय करशील ते केवळ सांग’ असे विचारण्याची सोय असते. उत्तरात प्रथम काढून टाकल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचावी. ती अनपेक्षितपणे लांब असेल, तर तेथेच थांबावे. (५) ड्रायव्हरचे सर्व भाग एकाच उगमाकडून व एकाच मालिकेतून घ्यावेत. स्वयंस्थापक फाइल वापरली असल्यास ती तिच्याच विस्थापकाने काढावी. मिसळलेल्या मालिकांची पॅकेजे त्यांच्या जुळणीच्या फाइलींसह काढावीत. बाहेरील भांडार बंद करून सूची ताजी करावी आणि मग वितरणाने त्या कार्डासाठी सुचविलेली एकच मालिका बसवावी. (६) मोड्यूल प्रत्येक केर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. डेल कंपनीने २००३ मध्ये पुढे आणलेली ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था नवे केर्नल बसताच हे काम आपोआप करते. मात्र त्या केर्नलची शीर्ष-पॅकेजे (बांधणीसाठी लागणाऱ्या व्याख्या) हजर नसतील, तर बांधणी होत नाही व ही गोष्ट पुढच्या आरंभाच्या वेळीच लक्षात येते. म्हणून संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी मोड्यूल खरोखर बांधले गेल्याची खातरजमा करावी. (७) एखादी आवृत्ती जागच्या जागी रोखून धरण्याची सोय तात्पुरती म्हणूनच वापरावी. विसरलेला रोख हाच पुढील संघर्षाचे कारण ठरतो; शिवाय त्यामुळे सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही थांबतात.

पडदा काळा झालाच, तरी मार्ग शिल्लक असतो. पुष्कळ वितरणे जुने केर्नल संगणकावर राखून ठेवतात; आरंभीच्या सूचीतून ते निवडल्यास जुने मोड्यूल व जुने केर्नल यांचा मेळ पुष्कळदा शाबूत सापडतो. ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिल्यास कार्डाच्या विशेष क्षमता न वापरता साधे चित्र मिळते. कंट्रोल व आल्ट यांच्याबरोबर एफ-३ सारखी कळ दाबल्यास केवळ अक्षरांचा पडदाही बहुधा मिळतो. एवढ्यावर वरील सर्व पायऱ्या पार पाडता येतात. बळाने बसविण्याचे, म्हणजे अटी डावलून पॅकेज बसविण्याचे पर्याय मात्र टाळावेत. त्यांनी संदेश नाहीसा होतो, संघर्ष नव्हे.

एक बोधप्रद प्रसंग : २०२१ मध्ये एका प्रसिद्ध संगणक-परीक्षकाने पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या वितरणावर खेळांची ‘स्टीम’ ही आज्ञावली बसविण्याचा प्रयत्न केला. तिच्या अवलंबनांचा मेळ त्या दिवसांत भांडारात बसत नव्हता. व्यवस्थापकाने तर्कशुद्ध उत्तर काढले : स्टीम बसवायची, तर पडद्यावरील संपूर्ण कार्यक्षेत्र काढून टाकावे लागेल. त्याने इशाराही दिला आणि ठराविक वाक्य अक्षरशः टंकलिखित करून संमती मागितली. लांबलचक यादी नीट न वाचता ती दिली गेली आणि संगणकावर केवळ अक्षरांचा पडदा उरला. हा प्रसंग चित्रफितीद्वारे असंख्य लोकांनी पाहिला. दोष वाचणाऱ्याचा की यंत्रणेचा, यावर बरीच चर्चा झाली; तथापि परिणाम हितकारक झाला. आवश्यक म्हणून नोंदलेली पॅकेजे संघर्षाच्या सोडवणुकीसाठी काढण्याचा मार्ग एपीटीच्या त्यापुढील आवृत्तीत बंद करण्यात आला. इशारा देणे व अनर्थ टाळणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

जुनी कार्डे व आधाराची मुदत : काही संघर्ष कोणत्याही क्रमाने सुटत नाहीत, कारण जुळणारी आवृत्ती अस्तित्वातच नसते. बंदिस्त ड्रायव्हरचा निर्माता ठराविक काळानंतर जुन्या पिढ्यांना नव्या मालिकांतून वगळतो. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीची कार्डे ३९० या मालिकेवर थांबली व तिचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला; केप्लर पिढी ४७० मालिकेवर थांबली; मॅक्सवेल व पास्कल या पिढ्यांसाठी ५८० ही अखेरची मालिका असल्याचे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. मालिका थांबली, तरी केर्नल थांबत नाही. काही काळाने जुने मोड्यूल नव्या केर्नलसाठी बांधले जाईनासे होते आणि कार्ड शाबूत असतानाही ते ‘जुने’ ठरते. शाळेतील किंवा छोट्या कार्यालयातील संगणकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चालते यंत्र टाकून द्यावे की नाही, असा तो प्रश्न असतो. अशा वेळी तीन पर्याय उरतात : दीर्घकालीन आधार असलेल्या केर्नलवर त्याची मुदत संपेपर्यंत राहणे, नूवोसारखा खुला ड्रायव्हर स्वीकारून वेग कमी झाला तरी चालवून घेणे, किंवा संगणकाच्या प्रक्रियकातच ग्राफिक्सची सोय असल्यास तिचा वापर करणे. लेखन, वाचन, पत्रव्यवहार यांसाठी दुसरा व तिसरा पर्याय बहुधा पुरेसा ठरतो. याउलट ज्या कार्डांचा ड्रायव्हर केर्नलमध्येच समाविष्ट आहे, त्यांना केर्नलमधील बदलांचा उपद्रव क्वचितच होतो. कारण नियम बदलणाऱ्यालाच त्यांचा ड्रायव्हरही सुधारावा लागतो.

अवलंबन-संघर्ष मुळातून टाळण्याच्या हेतूने काही नव्या पद्धती पुढे आल्या आहेत. निक्स ही व्यवस्था एकाच पॅकेजाच्या अनेक आवृत्ती वेगवेगळ्या ठिकाणी शेजारी शेजारी ठेवते. फ्लॅटपॅक ही व्यवस्था आज्ञावलीला तिच्या लायब्रऱ्यांसह वेगळ्या कप्प्यात ठेवते. सामान्य आज्ञावलींच्या बाबतीत त्यांचा चांगला उपयोग होतो. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र त्यांना मर्यादा पडते. लायब्रऱ्या हव्या तेवढ्या ठेवता येतात, पण चालू केर्नल एका वेळी एकच असते आणि कार्डाचा ताबा घेणारे मोड्यूलही एकच असते. म्हणून कप्प्यातील आज्ञावलीलाही बंदिस्त ड्रायव्हरची नेमकी त्याच आवृत्तीची लायब्ररी पुरवावी लागते. या एका ठिकाणी सर्व भागांना एकमत व्हावेच लागते. त्यामुळे कार्ड विकत घेताना त्याच्या वेगाबरोबरच त्याचा ड्रायव्हर कोण, कोठे व किती काळ सांभाळणार आहे याचा विचार करणे, हा या संघर्षांवरील सर्वांत आधीचा व सर्वांत स्वस्त उपाय होय.